आगीच्या आदल्या दिवशीचे घर : अपपार्क हवेलीच्या पुनर्बांधणीचे प्रकरण

इंग्लंडच्या वेस्ट ससेक्स परगण्यात, साउथ डाउन्स टेकड्यांच्या माथ्यावर अपपार्क नावाची सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली हवेली आहे. ३० ऑगस्ट १९८९ रोजी तिचे छत आणि वरचे मजले जळून गेले. पुढची सुमारे सहा वर्षे एकाच प्रश्नाभोवती काम चालले : जळालेली ऐतिहासिक वास्तू पुन्हा उभी करायची म्हणजे नक्की काय करायचे? या प्रकरणात त्या प्रश्नाचे उत्तर कसे ठरले, ते ठरवताना कोणते पर्याय बाजूला पडले आणि कोणत्या गोष्टींनी निर्णय आधीच बांधून टाकला होता, याची मांडणी केली आहे. हवेली, तिचे मालक घराणे आणि ती सांभाळणारी संस्था यांची माहिती सर्वश्रुत असल्याने त्यांची नावे दिली आहेत. छताचे कंत्राटदार, विमा कंपनी, वास्तुतज्ज्ञ आणि कारागीर यांची नावे मात्र मुद्दाम वगळली आहेत, कारण आपल्याला तपासायचे आहेत ते निर्णय.

पार्श्वभूमी

इंग्रजांचे ‘कंट्री हाउस’ म्हणजे शेतावरचे घर नव्हे. आजूबाजूच्या हजारो एकर जमिनीचा कारभार जिथून चालतो, पाहुण्यांना जिथे घराण्याची श्रीमंती आणि अभिरुची दाखवली जाते, आणि जिच्या पोटात नोकरचाकरांचे एक वेगळेच जग नांदते, अशी ती जमीनदाराची हवेली असते. अपपार्क हा या प्रकाराचा आटोपशीर आणि अतिशय प्रमाणबद्ध नमुना आहे. टँकरव्हिलचा अर्ल फोर्ड ग्रे याने सुमारे १६९० मध्ये ती बांधून घेतली. तिचा आराखडा विल्यम टॉलमन याचा मानला जातो. लाल विटांच्या भिंती, कोपऱ्यांना आणि खिडक्यांना फिकट दगडाची किनार, तळघरावर दोन मुख्य मजले, वर उतरते छत आणि त्यात बसवलेल्या छोट्या खिडक्या, दक्षिणेच्या दर्शनी बाजूस नऊ खिडक्यांची रांग व मधल्या तीन खिडक्यांवर त्रिकोणी शिखरपट्टी, असे तिचे बाह्यरूप आहे. डच वळणाची ही घरे बाहेरून साधी दिसतात. त्यांचा सगळा डौल खिडकी आणि भिंत यांच्या मापांच्या नात्यात असतो.

एवढ्या उंचीवर हवेली बांधणे शक्य झाले ते पाण्यामुळे. फोर्ड ग्रेचा आजोबा सर एडवर्ड फोर्ड हा पाणी उपसण्याच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध होता आणि लंडनमध्ये थेम्सचे पाणी वर चढवण्याचे कामही त्याने केले होते. माथ्यावर पाणी चढवता आले म्हणून माथ्यावर घर आले.

१७४७ मध्ये ही हवेली सर मॅथ्यू फेदरस्टनहॉ याने विकत घेतली. तो आणि त्याची पत्नी सारा यांनी युरोपचा प्रवास केला, चित्रे, गालिचे आणि सामान जमवले आणि आतल्या दालनांना अठराव्या शतकाच्या मध्याचे रूप दिले. नक्षीदार चुन्याची छते, पांढऱ्या-सोनेरी रंगाचा मोठा दिवाणखाना, लोकरीच्या भुकटीचे लाल भिंतकागद, हे सारे त्या काळातले आहे. साराने आपल्याबरोबर एक बाहुलीघर आणले होते. त्यात छोट्या खोल्या, छोटे पलंग आणि छोटी चांदीची भांडीसुद्धा आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचा मुलगा सर हॅरी याने उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टनकडून घरात फेरबदल करून घेतले आणि उत्तरेला खांबांचे नवे प्रवेशद्वार आले. त्यानंतर मात्र घराला जवळजवळ कोणी हात लावला नाही, आणि हीच गोष्ट पुढच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे.

असे का झाले, याची हकिगत विलक्षण आहे. सत्तरी ओलांडलेल्या सर हॅरीने १८२५ मध्ये आपल्याच दुग्धशाळेत काम करणाऱ्या, विशीतल्या मेरी ॲन बुलॉकशी लग्न केले. १८४६ मध्ये तो वारला आणि घर तिच्याकडे आले. १८७४ मध्ये ती गेल्यावर ते तिची बहीण फ्रान्सिस हिच्याकडे आले. १८९५ पर्यंत या दोघी बहिणींनी मिळून हवेली सर हॅरीच्या वेळी होती तशीच ठेवली. नवीन श्रीमंतीने जुने पडदे बदलले नाहीत, नवीन फॅशनने भिंती रंगवल्या नाहीत. याच काळात, १८८० पासून १८९३ पर्यंत, लेखक एच. जी. वेल्स यांची आई येथे घरव्यवस्थापिका होती. हवेलीपासून स्वयंपाकघराच्या आणि तबेल्याच्या इमारतींकडे जाणारे भुयारी मार्ग वेल्स यांना किशोरवयापासून परिचयाचे होते. विसाव्या शतकात मीड-फेदरस्टनहॉ घराण्याने हीच रीत चालू ठेवली. घरच्या बाईंनी १९३० च्या दशकात जीर्ण रेशमी पडदे साबणवेलीच्या काढ्यात धुऊन, एकेक धागा टाचून वाचवले. आपल्याकडे रिठ्याच्या पाण्यात भारी रेशीम धुतात, तोच हा न्याय. १९५४ मध्ये हवेली नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली आणि घराणे वरच्या मजल्यावर राहत राहिले.

थोडक्यात, आग लागली तेव्हा या घराकडे अठराव्या शतकातील सामान त्याच्या मूळ जागी, मूळ उन्हात विटलेल्या रंगासह शिल्लक होते. इंग्लंडमध्ये अनेक हवेल्यांचे सामान लिलावात विखुरले गेले आणि कित्येक हवेल्या विसाव्या शतकात पाडल्या गेल्या, हे लक्षात घेतले म्हणजे या शिल्लकीचे मोल कळते.

घटना

१९८९ च्या उन्हाळ्यात छताच्या दुरुस्तीचे काम संपत आले होते आणि घराभोवती परांची उभी होती. ३० ऑगस्टला दुपारी, छतावरच्या शिशाच्या पत्र्याचे सांधे ज्योतीच्या उपकरणाने वितळवून जोडण्याच्या कामातून आग लागली.

शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. ते वितळवण्यासाठी लागणारी ज्योत त्याहून कितीतरी गरम असते आणि शिशाच्या पत्र्याखाली जवळजवळ नेहमीच कोरड्या, जुन्या लाकडी फळ्या असतात. पत्र्यामुळे खालची फळी डोळ्यांना दिसत नाही. ठिणगी फळीच्या फटीत शिरते, तेथे धुमसते आणि छताच्या पोकळीत हवा मिळताच भडकते. पोकळीत तीनशे वर्षांची धूळ, पक्ष्यांच्या घरट्यांच्या काड्या आणि वाळलेले लाकूड असेल, तर आगीला आणखी काही लागत नाही. म्हणजे काम करणाऱ्याला धूर दिसतो तेव्हा आग बहुधा त्याच्या हाताबाहेर गेलेली असते.

आग वरून खाली सरकली. या प्रकरणातील हा सर्वांत निर्णायक तपशील आहे, आणि तो कोणाच्याही निर्णयाने ठरलेला नव्हता. छत पेटले, वरच्या मजल्याच्या खोल्या पेटल्या, जळती तुळवंटे आणि शिसे खाली कोसळत राहिले. परंतु तळमजल्यापर्यंत हे पोहोचायला वेळ लागला. त्या वेळात कर्मचारी, घरातील मंडळी, स्वयंसेवक आणि अग्निशमन दलाचे जवान यांनी हातोहात साखळी करून तळमजल्यावरील बहुतेक सामान हिरवळीवर आणले : चित्रे, खुर्च्या, गालिचे, पडदे, चिनी मातीची भांडी. बाहुलीघरही वाचले. वरच्या मजल्यावरील घराण्याच्या खासगी खोल्या मात्र त्यांच्या सामानासह गेल्या. मुख्य जिन्याचा बराचसा भाग गेला. दुसऱ्या दिवशी विटांच्या भिंती आणि धुराडी उभी होती आणि त्यांच्या आत तळमजल्यावर कोसळलेल्या छताचा, मजल्यांचा आणि पाण्याचा खच होता.

समस्या

संस्थेपुढे एकाच वेळी तीन प्रश्न उभे राहिले आणि त्यांचा क्रम चुकला असता तर उत्तरेही चुकली असती.

पहिला प्रश्न भिंतींचा होता. छत गेल्यावर उघड्या पडलेल्या विटांच्या भिंती पाणी पितात, हिवाळ्यात ते पाणी गोठून फुगते, आणि ओल्या लाकडात बुरशी पसरते. पहिल्या हिवाळ्याच्या आत घर झाकले नसते, तर आगीने ठेवलेले ओलाव्याने नेले असते. दुसरा प्रश्न ढिगाऱ्याचा होता. तिसरा प्रश्न, ज्यावर पुढे सर्वाधिक लिहिले-बोलले गेले, तो या घराचे आता काय करायचे हा होता.

माझ्या मते तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर खरे तर दुसऱ्या प्रश्नातच ठरले. ढिगारा म्हणजे राडारोडा मानून यंत्राने उचलून फेकला असता, तर नंतर कोणी कितीही इच्छा केली असती तरी प्रामाणिक पुनर्बांधणी शक्य झाली नसती. पुरातत्त्वाच्या उत्खननात जमिनीचे चौकोन आखतात, तसे प्रत्येक दालनाचे चौकोन पाडून, कोणता तुकडा कोणत्या चौकोनात सापडला याची नोंद ठेवून ढिगारा हातांनी उपसला गेला, चाळला गेला आणि डब्यांत भरून ठेवला गेला. छताच्या नक्षीतील एक चुन्याचे पान, कोरीव लाकडाची अर्धी वेल, दाराची पितळी मूठ, कुलपाचा भाग, असे हजारो तुकडे त्यातून निघाले. या टप्प्यावर ‘पुन्हा बांधायचे’ असे कोणी निश्चित केलेले नव्हते. तरीही पुन्हा बांधता येईल अशी सोय जपली गेली. निर्णय लांबणीवर टाकताना पर्याय जिवंत ठेवणे हेही एक कौशल्य आहे, आणि येथे ते नीट वापरले गेले.

विचारात घेतलेले पर्याय

अशा प्रसंगी साधारण चार वाटा असतात. जे उरले ते पाडून जागा मोकळी करणे ही पहिली. पहिल्या श्रेणीतील संरक्षित वास्तूच्या बाबतीत ती केवळ कागदावरची वाट होती, म्हणून तिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

दुसरी वाट भग्नावशेष म्हणून जतन करण्याची. इंग्रजांना भग्नावशेषांचे वेड आहे. आठव्या हेन्रीने मोडलेल्या मठांच्या भिंती त्यांनी शतकानुशतके हिरवळीवर जपल्या आहेत. परंतु दगडी मठाचा अवशेष आणि विटांच्या हवेलीचा अवशेष यांत फरक आहे. हवेलीच्या भिंती आतील तुळया आणि मजले यांच्या आधाराने उभ्या असतात. तो आधार काढल्यावर त्यांना पोलादी टेकू लावून उभे ठेवायचे, प्रत्येक भिंतीचा माथा पाण्यापासून राखायचा आणि हे कायम करत राहायचे, असा हा खर्चिक आणि न संपणारा उद्योग होता. शिवाय हिरवळीवर आणलेल्या सामानाचे काय करायचे? ते एखाद्या संग्रहालयात गेले असते, म्हणजे ज्या जागी ते अडीचशे वर्षे होते ती जागा त्याने गमावली असती.

तिसरी वाट होती बाहेरच्या भिंती ठेवून आत आधुनिक रचना करण्याची. नवे ते नवेच दिसले पाहिजे, जुन्याची नक्कल म्हणजे इतिहासाचे खोटे दस्तऐवज, असा विचार ब्रिटनमध्ये भक्कम मुळांचा आहे. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती मुळात अतिउत्साही ‘जीर्णोद्धारा’विरुद्धच होती. वास्तुजतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे मांडणारी १९६४ ची व्हेनिसची सनदही सांगते की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. या पक्षाचे म्हणणे सोपे नव्हते आणि ते आजही सोपे नाही : १९९० च्या दशकात केलेले चुन्याचे फूल १७७० चे भासावे, हे पाहणाऱ्याची फसवणूक नाही का?

चौथी वाट पूर्ण पुनर्बांधणीची. तिच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. पहिली पुराव्याची : तळमजल्याचे चौकटकाम, दारे आणि लाकडी तक्तपोशी यांचा मोठा भाग होरपळलेला पण जागेवर होता, ढिगाऱ्यातून तुकडे निघाले होते, जुनी छायाचित्रे होती आणि मुख्य म्हणजे सामान वाचले होते. व्हेनिसच्या सनदेची ‘अंदाज नको’ ही अट येथे विरोधात जात नव्हती, उलट पुनर्बांधणीला वावच देत होती. दुसरी गोष्ट पैशाची. विम्याच्या अटींनुसार भरपाई ही घर पुन्हा उभारण्यासाठी होती. अवशेष म्हणून सोडले असते, तर ती रक्कम त्या प्रमाणात मिळाली नसती. वास्तुजतनाच्या चर्चेत हा मुद्दा बहुधा तळटीपेत ढकलला जातो, कारण तत्त्वांच्या शेजारी विमापत्र ठेवणे कोणाला शोभून दिसत नाही. परंतु या प्रकरणात तो तळटीपेचा मुद्दा नाही. विम्याने घराचे तत्त्वज्ञान ठरवले असे म्हणणे अतिशयोक्त होईल, पण काही वाटा त्याने महाग केल्या हे मान्य केल्याशिवाय निर्णय समजत नाही.

निर्णय : कोणत्या तारखेचे घर?

पुनर्बांधणी ठरल्यावर सर्वांत अवघड प्रश्न पुढे आला. हे घर एका काळाचे नव्हतेच. १६९० चा सांगाडा, १७५० ते १७७० ची सजावट, १८१० च्या दशकातील रेप्टनचे फेरबदल, आणि त्यानंतरची दीडशे वर्षांहून अधिक काळाची झीज, हे सारे एकमेकांत मिसळलेले होते. आगीने सगळे मोकळे करून दिल्यावर ‘अस्सल’ अठराव्या शतकाकडे परत जाण्याचा मोह कोणत्याही वास्तुतज्ज्ञाला पडावा. भडक, ताजे मूळ रंग परत आणता आले असते, नंतरची भर वगळता आली असती.

संस्थेने तसे केले नाही. जेवढे व्यवहार्य असेल तेवढे, घर आगीच्या आदल्या दिवशी होते तसे परत उभे करायचे, असे तिने ठरवले. वरवर हा निर्णय भाबडा वाटतो. २९ ऑगस्ट १९८९ या तारखेला वास्तुकलेच्या इतिहासात काय स्थान आहे? मात्र थोडा विचार केला की त्याची धार लक्षात येते. ज्या घराचे वैशिष्ट्यच ‘होते तसे ठेवणे’ हे होते, त्याची दुसरी कोणतीही तारीख निवडली असती तर ती नव्या माणसांची आवड ठरली असती. दोन बहिणींनी एकोणिसाव्या शतकात जे केले, घरच्या बाईंनी पडदे धुताना जे केले, तेच सूत्र आता वास्तुतज्ज्ञांनी पुढे चालवले. शिवाय वाचलेले पडदे विटलेले होते, खुर्च्यांचे कापड फिकट होते. त्यांच्यामागे १७७० च्या ताज्या रंगाची भिंत आली असती, तर ते सामान आपल्याच घरात पोरके दिसले असते. येथे सामानाने भिंतींचा रंग ठरवला.

‘जेवढे व्यवहार्य असेल तेवढे’ हे शब्द मात्र बारकाईने वाचायला हवेत. लोकांना न दाखवल्या जाणाऱ्या वरच्या मजल्यांवर सजावट हुबेहूब परत करण्याचा आग्रह धरला गेला नाही. तेथे पुरावा कमी होता, सामान गेलेले होते आणि राहण्या-वापरण्याच्या गरजा नव्या होत्या. म्हणजे ‘आदल्या दिवशीचे घर’ हे तत्त्व पहिल्या मजल्याच्या जिन्यापाशी थांबते. टीकाकारांनी यात विसंगती पाहिली. मला ती प्रामाणिकपणाची खूण वाटते, कारण जिथे पुरावा संपला तिथे नक्कलही संपली.

केलेली कामे

घरावर परांचीचा सांगाडा उभारून तात्पुरते अखंड छप्पर घातले गेले आणि त्याच्या सावलीत भिंती सावकाश वाळवल्या गेल्या. भिंती घाईने तापवून वाळवल्या की चुन्याचा गिलावा तडकतो आणि लाकूड पिळवटते, म्हणून हा टप्पा नाइलाजाने लांब असतो.

खरा पेच छतांच्या चुन्याच्या नक्षीपाशी आला. विसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये सजावटीचे गिलावाकाम म्हणजे साच्यात जिप्समचा लगदा ओतून तयार केलेले तुकडे छताला बसवणे, अशी रीत झाली होती. चांगले कारागीरही साच्याचेच काम शिकलेले होते. पण ढिगाऱ्यातून निघालेली पाने-फुले शेजारी मांडली, तेव्हा त्यांतली कोणतीही दोन तंतोतंत सारखी नव्हती. अठराव्या शतकातील कारागिराने परांचीवरून ओला चुना छतावरच थापून, बोटांनी आणि छोट्या लाकडी कोरण्यांनी प्रत्येक पान जागेवर घडवले होते. पाकळीची कड कुठे पातळ, कुठे जाड, वेलीचे वळण कुठे घाईचे, कुठे निवांत, हे त्या हाताचे अक्षर होते.

येथे पुन्हा निर्णयाची वेळ आली. वाचलेल्या तुकड्यांचे साचे काढून तेच ओतले असते, तर काम लवकर झाले असते, स्वस्तही पडले असते आणि दहा फुटांवरून शंभरातल्या नव्वद जणांना फरक कळला नसता. परंतु मग एकच पान छतावर शंभर वेळा आले असते, जे मूळ छतात कधीच नव्हते. म्हणून हाताने घडवण्याची कला नव्याने आत्मसात करायचे ठरले. चुनकळी विरवून मुरवलेला चुना, वाळू, जनावरांचे केस यांचे प्रमाण किती, लवकर धरण्यासाठी त्यात जिप्सम किती घालावे, हाताला किती वेळ मिळतो, हे प्रयोग करकरून शिकावे लागले. ज्यांच्या आजोबांनी घाण्यात चुना मळलेला पाहिला आहे अशा मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. चुन्याचे ज्ञान पुस्तकात कमी आणि थापीत जास्त असते, आणि एका पिढीने थापी खाली ठेवली की पुढच्या पिढीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

लाकूडकामातही हीच रीत होती. होरपळलेला पण शाबूत भाग काढून टाकायचा नाही, त्यातला जळका थर साफ करून तो जागेवर ठेवायचा आणि नवे लाकूड फक्त तुटीपुरते जोडायचे. जोडलेल्या तुकड्यावर कोरीवकाम शेजारच्या जुन्या कामाच्या वळणावर जायचे. भिंतकागदाच्या बाबतीत, वाचलेले जुने तुकडे पुन्हा भिंतीवर गेले आणि कमी पडलेला भाग जुन्या पद्धतीने छापून, रंगाने शेजारच्या विटलेल्या भागाशी जुळवून घेतला गेला. नवा कागद मुद्दाम फिका करणे म्हणजे खोटे वय चढवणे, असा आक्षेप यावर घेता येतो. तो मला पूर्णपणे खोडता येत नाही. एवढेच म्हणता येईल की एकाच भिंतीवर जुन्या आणि नव्याचे ठिगळ डोळ्यांत खुपले असते, तर पाहणाऱ्याला दालन न दिसता केवळ दुरुस्ती दिसली असती.

निष्पत्ती

हवेली १९९५ मध्ये लोकांसाठी पुन्हा उघडली. खर्च सुमारे २ कोटी पौंडांच्या घरात गेला. वाचलेले सामान त्याच दालनांत परतले आणि आगीचा व कामाचा इतिहास पाहुण्यांपासून लपवला गेला नाही. हा शेवटचा भाग फसवणुकीच्या आक्षेपाला दिलेले सर्वांत चांगले उत्तर आहे. नवे काम नवे आहे हे ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याला सांगितले जाते. दालनात शिरताक्षणी ते त्याच्या अंगावर फेकले जात नाही, इतकेच.

दुसरी निष्पत्ती घराबाहेरची आहे. अपपार्कवर तयार झालेले हात तेथेच संपले नाहीत. २० नोव्हेंबर १९९२ रोजी विंडसरच्या राजवाड्यात आग लागली, आणि त्या दुरुस्तीला अपपार्कवरील अनुभवाचा उपयोग झाला.

तिसरी गोष्ट तुलनेतून दिसते. २९ एप्रिल २०१५ रोजी याच संस्थेच्या सरे परगण्यातील क्लँडन पार्क या हवेलीला आग लागली. ती हवेली १७२० च्या दशकातली, व्हेनिसहून आलेला वास्तुकार जाकोमो लेओनी याने रचलेली. तिथे आग तळघरातील विजेच्या जोडणीतून सुरू झाली आणि खालून वर गेली. दालने एकामागून एक जळाली, तळमजल्यावरचे फक्त एकच दालन बऱ्यापैकी शाबूत राहिले आणि संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. आधी मुख्य दालने परत उभारण्याचा विचार जाहीर झाला होता. २०२२ मध्ये मात्र संस्थेने आतील बराच भाग जळालेल्या, उघड्या अवस्थेतच जपण्याची दिशा घेतली आणि त्यावर मोठा वाद झाला. एकाच संस्थेने दोन विरुद्ध निर्णय घेतले याचा अर्थ तिने मत बदलले, असा अनेकांनी लावला. मतेही बदलली असतील. पण आगीची दिशा पाहिली तर निम्मे स्पष्टीकरण तिथेच मिळते. अपपार्कमध्ये आगीने खाली उतरायला वेळ घेतला, म्हणून परत ठेवायला सामान होते. क्लँडनमध्ये ते बरेचसे नव्हते, आणि सामानावाचून ‘आदल्या दिवशीचे घर’ या कल्पनेला टेकू उरत नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिली आणि उघड गोष्ट छतावरच्या ज्योतीची. शिशाचा पत्रा मऊ असतो. लाकडी हातोडीने ठोकून तो कोपऱ्यात, पन्हळीत, कडेवर हव्या त्या आकारात बसवता येतो आणि दुमडून किंवा गोल दांडीवर गुंडाळून त्याचे सांधे ज्योतीशिवाय करता येतात. हीच जुनी रीत आहे. वितळवून जोडणे वेगाचे असते आणि काही जागी सोयीचेही असते, पण लाकडी छतावर ते टाळता येण्याजोगे होते का, हा प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सांध्यासाठी विचारायला हवा. टाळता येत नसेल तर पत्रा जमिनीवर जोडून वर न्यावा. तेही शक्य नसेल तर ज्योतीचे काम सकाळीच संपवावे आणि नंतर काही तास एका माणसाने पत्र्याखालच्या पोकळीत बसून केवळ पहारा द्यावा. त्याची मजुरी २ कोटी पौंडांच्या तुलनेत किती, हा हिशेब करण्याचीही गरज नाही. काम संपत आलेले असते तेव्हा सावधगिरी सर्वांत ढिली असते, म्हणून शेवटच्या आठवड्यासाठी नियम कडक हवेत, सैल नव्हेत.

दुसरी गोष्ट छताच्या पोकळीची. जुन्या हवेल्यांमध्ये छताखालचा पोटमाळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असतो. दुरुस्तीसाठी परांची उभी असतानाच त्यात आडव्या आगरोधक भिंती घालणे सर्वांत सोपे असते. त्यासाठी नंतर पुन्हा छत उघडावे लागत नाही.

तिसरी गोष्ट सामान बाहेर काढण्याच्या क्रमाची. अपपार्कमध्ये माणसांच्या साखळीने जे वाचवले ते कौतुकास्पदच आहे, पण वरच्या मजल्याची खासगी दालने त्या यादीत येऊच शकली नाहीत, कारण आग तिथूनच येत होती. प्रत्येक दालनाच्या दाराआड, पाच मिनिटे मिळाली तर काय, पंधरा मिळाली तर काय, आणि ते भिंतीवरून सोडवायला कोणते हत्यार लागेल, एवढे लिहिलेला एक कागद असावा. मोठे आरसे स्क्रूने आणि गालिचे खिळ्यांनी पक्के केलेले असतात. धुरात पान्हा शोधणे शक्य नसते.

चौथी गोष्ट नोंदींची, आणि माझ्या मते ती सर्वांत कमी खर्चाची. छतावरच्या नक्षीचे मोजमाप आणि जवळून घेतलेली छायाचित्रे आगीनंतर नव्हे तर दुरुस्तीसाठी परांची लागते त्याच दिवशी घ्यायला हवीत, कारण एरवी माणूस त्या उंचीवर पोहोचतच नाही. त्यात दालनातल्या छताइतकेच पोटमाळ्यातील फळ्या, तुळयांवरच्या सुताराच्या खुणा आणि मागच्या दुरुस्तीत बदललेली लाकडे यांचीही नोंद असावी. अपपार्कच्या वरच्या मजल्यांची अशी नोंद हाताशी असती, तर तिथे साधेपणाने जे केले गेले ते निवड म्हणून करता आले असते, पर्याय नसल्यामुळे नव्हे.